चाकाचा हिशेब

विजेच्या गाडीचं गिऱ्हाईक दुकानात येतं ते मोबाईल पुढे धरूनच. गाडी कुठे लावली हे सांगायच्या आधी आकडा दाखवतं. “टायर बदलायच्या आधी किलोमीटरला १२५ वॉट-अवर जायचे, आता १३५ जातायत. असं कसं?” पेट्रोलच्या गाडीवाल्यानं असला प्रश्न मला कधी विचारला नाही. मायलेज विचारलं की तो “पंधरा-सोळा देते” म्हणायचा, आणि त्या पंधरा-सोळाच्या पोटात टायर, हवा, एसी, ट्रॅफिक आणि त्याचा स्वतःचा पाय असं सगळं खपून जायचं. चाकाचा खर्च कुणी वेगळा मांडतच नव्हतं. आता गाडीच मांडते. त्यामुळे आमच्या धंद्यातली बरीच जुनी बोलणी उघडी पडली. पण काही गोष्टी त्या स्क्रीनवर येतच नाहीत, आणि माझी गिऱ्हाइकांशी हुज्जत होते ती बहुतेक त्यांच्यावरूनच.

आमचं दुकान पुण्यात, नगर रस्त्यावर. वडिलांनी पंक्चर आणि रिमोल्डवर सुरुवात केली. गल्ला माझ्या हाती आला तेव्हा मॅगव्हीलची हौस जोरात होती. भिंतीवर चाकं टांगलेली असायची. एखादा मुलगा येऊन त्यातलं एक पसंत करायचा, आम्ही पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांचं वर्तुळ, जुळतो का ते बघायचो, स्टिअरिंग पूर्ण वळवून कुठे घासत नाही ना ते बघायचो, की झालं. याच रस्त्यानं पुढे गेलं की रांजणगाव. तिथल्या कारखान्यात टाटाची नेक्सॉन बनते. २०२० च्या जानेवारीत तिची विजेवरची आवृत्ती बाजारात आली, तेव्हा सुरुवातीला आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. नव्या गाडीचे टायर कोण बदलतो? हौशी पोरंही वॉरंटीच्या धाकानं लांब होती. मग पहिले टायर झिजायला लागले, आणि मालकांना वाटलं होतं त्यापेक्षा लवकर झिजले.

का झिजले, हे मला नीट कळलं टॅक्सीवाल्यांमुळे. एका मालकाच्या विजेच्या गाड्या विमानतळाच्या फेऱ्या मारतात. त्यातल्या दोन एकदमच घेतलेल्या, टायर एकाच कंपनीचे, धावही जवळपास सारखीच. एकीचे पुढचे टायर पार गोटा झालेले, दुसरीच्या टायरांना अजून निम्मं रबर शिल्लक. मालक म्हणाला, अलाइनमेंट गेलं असणार. मशीनवर घेतली तर सगळे आकडे हिरवे. शेवटी दोन्ही ड्रायव्हरांना चहाला बसवलं. पहिला म्हणाला, “साहेब, मी ब्रेकला पायच लावत नाही. रीजन फुल ठेवतो, पाय उचलला की गाडी आपोआप थांबते. आणि सिग्नल सुटला की पिकअप काय मिळतो!” उत्तर त्याच्याच तोंडून आलं. या गाडीची मोटर पुढच्या चाकांवर आहे. गाडी ओढायची त्यांनीच, आणि रीजननं, म्हणजे मोटरच उलट वापरून वीज बॅटरीत परत घेत, रोखायचीही त्यांनीच. मागची चाकं नुसती मागून येतात. मोटरला इंजिनासारखी जोर चढायची वाट बघावी लागत नाही, पाय पडला की पूर्ण जोर रबरावर. शिवाय बॅटरीचं वजन. विजेवरची नेक्सॉन तिच्या पेट्रोलच्या बहिणीपेक्षा दीडशे किलोच्या आसपास जड आहे. ब्रेकपॅडचे वाचलेले पैसे टायरवाल्याकडे येतात, असं मी त्या मालकाला सांगितलं. त्याला काही हसू आलं नाही. पण तेव्हापासून त्याच्या गाड्या आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे, मागचे पुढे करायला न चुकता येतात.

आता एका आकडेवाल्या काकांची गोष्ट. पेठेत राहतात, बँकेतून निवृत्त. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, दुकानदार उधारीला वापरतात तसली. तिच्यात तारीख, मीटरवरचे किलोमीटर, घरच्या वेगळ्या मीटरवर चार्जिंगला गेलेली युनिटं, एसी चालू की बंद, गाडीत माणसं किती, अशा सगळ्या रकाने आखून नोंदी. त्यांना टायर बदलायचे होते. पर्याय ऐकायला ते तयारच नव्हते: तीच कंपनी, तोच पॅटर्न, तेच माप, २१५/६० आर १६. तसे टायर मागवून दिले. हवा दारावरच्या चिठ्ठीत लिहिली आहे तेवढीच, आणि गेजवर त्यांनी स्वतः बघून घेतली. काही आठवड्यांनी काका वही घेऊन हजर. रेंज सहा-सात टक्क्यांनी उतरलेली. “काहीही बदललेलं नाही, तरी हे असं.”

वही काउंटरवर पसरून आम्ही बसलो. बदललेलं होतं ते रबराच्या जाडीत. त्यांच्या जुन्या टायरवर नक्षी अडीच मिलिमीटर उरली होती, नव्यावर आठ. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो, पुढे जाऊन परत फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यात काही शक्ती उष्णता होऊन जाते. रबर जाड तेवढी ती जास्त जाते. म्हणजे झिजलेला टायर गडगडायला हलका, नवा जड. दुसरी गंमत मीटरची. झिजलेल्या टायरचा घेर थोडा कमी, म्हणून तेवढ्याच रस्त्याला तो जास्त फेरे मारतो आणि मीटर किलोमीटर थोडे फुगवून दाखवतो. नव्या टायरला ते फुगवणं बंद झालं. यात एखाद-दीड टक्का सहज जातो. काकांनी पुढच्या वेळी जीपीएस लावून सोलापूर रस्त्यावर पडताळा घेतला आणि मला फोन केला, “तुमचं बरोबर आहे. म्हणजे रेंज कमी झालीच नाही तेवढी, आधी जास्त दिसत होती.” मग जरा थांबून म्हणाले, “पण एकूण तुम्ही मला तोटाच विकलात की हो.”

त्यांना म्हटलं, पावसाळा येऊ द्या, मग बोलू.

हाच मीटरचा भाग लोक मोठी चाकं घालतात तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. २१५/६० आर १६ चा व्यास ६६४ मिलिमीटर. एकानं गाडी उंच दिसावी म्हणून तेच २१५/६०, पण १७ इंचाचं घेतलं. व्यास झाला ६९०, म्हणजे जवळपास चार टक्के जास्त. गाडी उचलली गेली जेमतेम १३ मिलिमीटर. मीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी १०४ धावलेली असते, वेगही तसाच कमी दिसतो. रेंज गेली म्हणून तो ओरडत आला. त्यातला चांगला हिस्सा नुसता मोजणीतला होता. १७ इंची हवंच असेल तर २१५/५५ घ्यावं, व्यास ६६८ येतो आणि मीटर जागच्या जागी राहतं. हे गणित करायला फळ्यावर तीन ओळी लागतात. रुंदीला उंचीच्या टक्क्यानं गुणायचं, दुप्पट करायचं, त्यात रिमचे इंच २५.४ नं गुणून मिळवायचे. आमच्या दुकानातली सगळी पोरं आता हे तोंडी करतात.

हौशी गिऱ्हाइकांमधला एक तरुण मला चांगला लक्षात आहे, कारण त्याच्याशी माझं पटलं नाही आणि तरी तो टिकला. खराडीला आयटीत होता. त्याला १८ इंची, पाच बारीक दांड्यांची काळी चाकं हवी होती, टायर २३५/४५. व्यास ६६९, म्हणजे गणित बसत होतं. मी त्याला बाकीचं दाखवलं. रबराची भिंत १२९ मिलिमीटरची होती, ती १०६ वर येणार; वाघोलीच्या खड्ड्यात रिमला वाचवणारं तेवढंच असतं. टायर २० मिलिमीटरनं रुंद होणार. त्यानं निवडलेलं चाक आधीच्या चाकापेक्षा एक इंचानं रुंद आणि ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर, ४५ च्या जागी ३५. याचा अर्थ चाकाची बाहेरची कड साधारण २३ मिलिमीटर बाहेर येते. गाडी कमानीतून भरलेली दिसते, फोटो छान येतो. पावसात सगळा चिखल दारांवर उडतो आणि मागे तीन माणसं बसली की कमानीच्या कडेला टायर लागायची शक्यता. मी त्याला ऑफसेट ४५ चंच चाक शोधून दिलं, तेवढं त्यानं ऐकलं. बाकी त्याला हवं तेच बसवलं. महिन्याभरानं त्याचा निरोप आला: रेंज दहा टक्क्यांच्या आसपास गेली. पुढे एक रिमही वाकलं. ते लेथवर सरळ करून घ्यायला आला तेव्हा मी विचारलं, परत सोळा घालायची का? “नाही हो, गाडीकडे बघून मला रोज बरं वाटतं.” यावर काय बोलणार? दहा टक्के रेंज देऊन रोज बरं वाटत असेल तर सौदा त्याचा. मला राग येतो तो हे दहा टक्के न सांगता चाकं विकणाऱ्यांचा.

असंच न तपासता विकलं जाणारं एक वाक्य म्हणजे “हलकं चाक घाला, रेंज वाढते.” पेट्रोलच्या गाडीत जड चाक फिरवायला लावलेली शक्ती ब्रेक दाबला की तापून गेली, संपली. विजेच्या गाडीत रीजन त्यातली बरीच परत बॅटरीत घेतं. त्यामुळे चाक दोन किलोनं हलकं झालं म्हणून आकड्यात फारसा फरक पडत नाही. हलक्या चाकाचा खरा उपयोग खराब रस्त्यावर: सस्पेन्शनला ते पटकन वरखाली करता येतं, गाडी कमी आपटते. रेंज खातात ती रुंदी, रबराचा कस आणि हायवेच्या वेगाला हवा. म्हणून तर कंपन्या विजेच्या गाड्यांच्या चाकांवर ती सपाट प्लास्टिकची झाकणं बसवतात. ताटावर ताट पालथं घातल्यासारखी दिसतात, आणि पहिली उपटली जातात तीच. मी ती एका पिशवीत घालून डिकीत ठेवायला सांगतो. मुंबईला जाताना लावा, गावात काढा.

आता स्क्रीनवर न येणाऱ्या गोष्टी.

टायरच्या भिंतीवर मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ९५ एच. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग, तो आपल्याकडे कुणाला लागत नाही. पण ९५ म्हणजे त्या टायरनं ६९० किलो पेलायचे. एक गृहस्थ स्वस्तात मिळाले म्हणून ९१ चे टायर घेऊन आले. ९१ म्हणजे ६१५ किलो. चार टायर मिळून फरक तीनशे किलोचा. “रिकामी गाडीच तर चालवतो मी,” त्यांचं म्हणणं. बसवायला मी नाही म्हटलं. त्यांनी समोरच्या दुकानात बसवले, अर्ध्या तासात. त्या टायरांनी कदाचित रेंजही बरी दिली असेल. जड गाडीला कमी ताकदीचा टायर घातला तर तो आतून तापत राहतो, आणि हे गाडी कुठल्याही आकड्यात सांगत नाही. जड गाड्यांसाठी एक्सएल असं लिहिलेले टायर येतात, त्याच्याही वर आता एचएल निघालेत. जसं टायरचं तसं रिमचं. चाक उलटं करून मागे बघायचं, किती किलोचं आहे ते ओतकामात कोरलेलं असतं. कोरलेलं नसेल तर ते चाक मी भिंतीवर टांगतही नाही.

दुसरी गोष्ट ओल्या रस्त्यावरची पकड. एक जण दर आठवड्याला ताम्हिणीतून माणगावला जातो. त्यानं स्वतः अभ्यास करून गडगडायला अगदी हलके टायर घेतले होते, किलोमीटरला आठ-दहा वॉट-अवर वाचले म्हणून खूश होता. जुलैत एका उतारावरच्या वळणावर गाडी सरळच निघाली. कठड्याच्या अलीकडे थांबली, कुणाला काही झालं नाही. तो थेट दुकानात आला आणि म्हणाला, रेंजचं सोडा. रबर दबताना कमी शक्ती खातं तेव्हा ते डांबराच्या बारीक खाचांत कमी रुततं. ओल्या रस्त्यावर हेच नडतं. सिलिका घालून कंपन्या ही ओढाताण बरीच कमी करतात, पण चांगल्या सिलिकाच्या टायरला पैसे पडतात. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर इंधन, ओली पकड अशी दोन्हींची ए ते ई अक्षरं छापलेली असतात. तिथला टायर हाती आला तर मी आधी ओल्या पकडीचं अक्षर बघतो. आपल्याकडेही एआयएस-१४२ या मानकात गडगडण्याचा विरोध, ओली पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा ठरल्या आहेत. मर्यादेत पास होणं वेगळं आणि चांगलं असणं वेगळं. कोकणात उतरणाऱ्या माणसानं पंधरा किलोमीटर रेंज सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि काही गिऱ्हाइकं त्यापायी गेली आहेत.

आवाजाचं उलट आहे. तोही स्क्रीनवर येत नाही, पण सगळ्यांना ऐकू येतो. इंजिन नाही म्हटल्यावर टायर बोलायला लागतो. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर गेलं की “बेअरिंग गेलंय” म्हणत लोक येतात, आणि असतो तो एका कडेनं उंचसखल झिजलेला टायर. थरथरही तशीच जाणवते. एका ह्युंदाई कोना गाडीला दुसरीकडून नवी चाकं बसवून आणली होती. ताशी नव्वदला स्टिअरिंग हलायचं. बॅलन्सिंग तीनदा झालं होतं. चाक काढलं तर कारण समोरच होतं. गाडीच्या हबचा व्यास ६७.१, चाकाचं मधलं भोक ७३.१, कारण बाहेरची चाकं सगळ्या गाड्यांना बसावीत म्हणून भोक मोठंच ठेवतात. मधली रिंग घातलेलीच नव्हती. सगळीकडून तीन मिलिमीटर मोकळं, आणि गाडी जमिनीवर ठेवून एकेक नट गननं आवळलेला. चाक केसभर बाजूला बसलं होतं. रिंगा घातल्या, गाडी वर असताना नट समोरासमोर हातानं धरले, मग टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळले. तेवढ्यानं थरथर गेली. पेट्रोलच्या गाडीत हे इंजिनाच्या घरघरीत चालून गेलं असतं.

आणि जॅक. विजेच्या गाडीच्या पोटाखाली बॅटरीची पेटी असते, जॅकच्या जागा तिच्या बाहेर, कडेला. एक गाडी आमच्याकडे आली ती दुसऱ्या कुठेतरी ट्रॉली जॅक मधोमध लावल्यामुळे पेटीच्या पत्र्याला खळगा पडलेली. आत काही झालं नव्हतं, पण वॉरंटीचं पुढे काय या काळजीनं मालकाची झोप गेली होती. आम्ही गाडी लिफ्टवर घेण्याआधी चारही जागांवर खडूची खूण करतो, मध्ये रबराचा ठोकळा. दुसरी काळजी अशी, की ही गाडी चालू आहे की बंद ते आवाजावरून कळत नाही. अलाइनमेंटच्या पाटावर गाडी असताना मालक आत बसून फोनवर बोलत असतो आणि गाडी ड्राइव्हमध्ये असते. म्हणून चावी काउंटरवर ठेवायची, मालकानं बाकड्यावर बसायचं. यावर काही लोकांना राग येतो.

कायद्याचं कुणी विचारत नाही, पण सांगावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीनं ठरवून दिलेल्या गोष्टींत फेरफार करण्यावर बंधन आहे. कंपनी त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला जे माप देते त्या मापात राहावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं, एवढा सल्ला मी देतो. कमानीबाहेर डोकावणारं चाक बसवत नाही.

धंद्याचं म्हणाल तर विजेच्या गाड्यांनी मॅगव्हीलची विक्री कमी केली आणि अलाइनमेंटची वाढवली. नवी चाकं बसवली की शंभरेक किलोमीटर चालवून परत या, नट पुन्हा तपासून देतो, हे फुकट आहे. तरी निम्मे लोक येत नाहीत, म्हणून आता मुलगी फोन करून बोलावते. आता येणाऱ्या गाड्या कारखान्यातूनच मोठ्या चाकांवर उतरतात. ह्युंदाईच्या आयोनिक ५ चं माप २५५/४५ आर २० आहे. काहींच्या टायरमध्ये आवाज दाबायला फोम चिकटवलेला असतो. पंक्चर काढायचं तर आधी तो कापावा लागतो. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते, २०२० पासून सीलंटचं किट आणि हवेचं सेन्सर असलं तर ती न देण्याची मुभा आहे. भिंत फाटली तर त्या किटचा उपयोग शून्य, आणि २० इंची टायर रात्री खंबाटकीच्या पायथ्याला कुठे मिळणार? म्हणून मी त्या तीन-चार मापांचा एकेक टायर आणून ठेवायला सुरुवात केली आहे. पैसे अडकतात. आमचं टायर चढवायचं जुनं मशीनही एवढ्या कडक भिंतीला पुरत नाही, रिमवर ओरखडा येतो. मदतीचा दांडा असलेलं नवं घ्यायचं आहे. मुलगी म्हणते ते घेण्याआधी भिंतीवरची पंधरा इंची मॅगव्हीलं भंगारात काढा. त्यातली दोन मी अजून देणार नाही.